ऑक्सिजन सेन्सर बदलण्याआधी तो तपासायचा कसा

गाडीचं अ‍ॅव्हरेज घसरलं, चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि स्कॅनरवर ‘पी ०१७१’ उमटलं, की अनेक गॅरेजांत निदान ठरलेलंच असतं: ऑक्सिजन सेन्सर गेला, नवा टाका. नवा सेन्सर बसतो, कोड पुसला जातो, दिवा विझतो आणि थोड्याच दिवसांत पुन्हा लागतो. कारण पी ०१७१ चा अर्थ ‘मिश्रण लीन आहे’, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, एवढाच. ही तक्रार धुरातला ऑक्सिजन ओळखणाऱ्या या सेन्सरनेच केलेली असते, आणि बहुतेक वेळा ती खरी असते. नळ गळतोय असं सांगणाऱ्या माणसाला घराबाहेर काढून गळती थांबत नाही. म्हणून आधी सेन्सर काय सांगतोय ते वाचायचं, मग तो खरं सांगतोय का ते मोजायचं, आणि पाना शेवटी हातात घ्यायचा.

सेन्सर नेमकं काय सांगतो

शुद्ध पेट्रोलचा १ किलो पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. या प्रमाणाला लॅम्डा १ म्हणतात. हवा जास्त झाली तर मिश्रण लीन, पेट्रोल जास्त झालं तर रिच. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर एकाच वेळी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजन ऑक्साइड्स यांचा निकाल लावतो, पण मिश्रण लॅम्डा १ च्या आसपास अगदी अरुंद पट्ट्यात राहिलं तरच. ऑक्सिजन सेन्सरचा जन्म या गरजेतून झाला. बॉशने बनवलेला लॅम्डा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत पहिल्यांदा आला. आपल्याकडे मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला तो एप्रिल १९९५ पासून, आणि त्यासोबतच शिसं नसलेलं पेट्रोल पंपांवर आलं. शिसं कन्व्हर्टर (थोडक्यात कॅट) आणि सेन्सर दोघांनाही मारतं, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकत्र येणं भाग होतं.

सेन्सरच्या टोकाला झिर्कोनियाची पोकळ चिनीमाती असते. आतून-बाहेरून प्लॅटिनमचा पातळ थर. बाहेरच्या बाजूला धूर, आतल्या बाजूला मोकळी हवा. टोक साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापलं की दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमधल्या फरकातून वीजदाब तयार होतो. धुरात ऑक्सिजन उरलाच नाही, म्हणजे मिश्रण रिच, तर ०.८ ते ०.९ व्होल्ट. ऑक्सिजन भरपूर उरला, म्हणजे लीन, तर ०.१ च्या आसपास. मधली सीमा ०.४५ व्होल्टची, आणि ती जवळजवळ कड्यासारखी आहे. त्यामुळे हा सेन्सर पेट्रोल ‘जास्त’ किंवा ‘कमी’ एवढंच सांगतो, किती जास्त ते सांगत नाही. इसीयू, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, ‘कमी’ ऐकलं की इंधन थोडं वाढवतो, ‘जास्त’ ऐकलं की घटवतो. म्हणून तंदुरुस्त सेन्सरचा व्होल्टेज एका जागी बसत नाही, सतत खालीवर नाचत असतो.

हे चक्र नेहमीच चालू असतं असं नाही. थंड इंजिन सुरू केल्यावरचा सुरुवातीचा काळ, पूर्ण दाबलेला अ‍ॅक्सिलरेटर आणि उतारावर पाय काढल्यावर इंधन बंद होतं तेव्हा इसीयू सेन्सरकडे लक्ष देत नाही. चाचणी करताना या वेळा टाळायच्या.

पाच तारांचा सेन्सर दिसला तर तो वाइडबँड. तो ‘किती’ हेही सांगतो, पण व्होल्टच्या नव्हे, मिलिअँपिअरच्या भाषेत. त्याच्यावर मल्टिमीटर लावून काही कळत नाही. त्याची तपासणी स्कॅनरवर लॅम्डाचा आकडा बघूनच करायची. पुढची व्होल्टची मोजमापं चार तारांच्या साध्या सेन्सरसाठी आहेत.

कुठे असतो, कोणती तार कशाची

कॅटच्या आधी बसलेला तो सेन्सर १. मिश्रण याच्याच शब्दावर चालतं. कॅटच्या नंतरचा सेन्सर २, त्याचं मुख्य काम कॅटवर नजर ठेवणं. सेन्सर १ नाचतो आणि सेन्सर २ ०.६ ते ०.७ व्होल्टवर जवळपास स्थिर राहतो, हे निरोगी गाडीचं चित्र. दोघंही सारखेच नाचायला लागले तर कॅटची क्षमता संपत आली, आणि पी ०४२० येतो. या कोडवर सेन्सर २ बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. सेन्सर आणि पाइपच्या मध्ये घालायचे ‘डमी’ स्पेसर बाजारात मिळतात, तेही घालू नका. दिवा विझतो, पण कॅट मेलेलाच राहतो.

चार तारांपैकी एकाच रंगाच्या दोन तारा हीटरच्या. बॉशच्या सेन्सरमध्ये दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची, करडी अर्थिंगची. डेन्सोमध्ये दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नलची, पांढरी अर्थिंगची. इथे गल्लत झाली तर पुढचं सगळं मोजमाप वाया जातं, म्हणून आधी सेन्सरवरचं नाव वाचा.

साहित्य

गाडीच्या ओबीडी (निदानाच्या) पोर्टमध्ये लावायचा ब्लूटूथ स्कॅनर, १० मेगाओहम इनपुट असलेला डिजिटल मल्टिमीटर (काट्याचा मीटर चालणार नाही, तो सिग्नलच खाली ओढतो), कनेक्टरच्या मागून घुसवायला दोन बारीक टाचण्या, बावीसचा पाना किंवा बाजूने चीर असलेला सेन्सर सॉकेट, गंज सोडवणारा स्प्रे. मीटर आणि स्कॅनर मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळतात. सेन्सर घ्यायची वेळ आलीच तर ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्ट बाजारात जा, पण जुन्या सेन्सरवरचा पार्ट नंबर लिहून न्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून बंपर, दरवाजा, आरसा खुशाल आणा. वापरलेला ऑक्सिजन सेन्सर मात्र आणू नका. तो किती चालला आणि काय खाऊन बसला, हे बाहेरून दिसत नाही.

इंजिन चालू ठेवून करायच्या चाचण्या बेसमेंट पार्किंगमध्ये करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गाडी उघड्यावर काढा.

पायरी १: ट्रिम वाचा

गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करा. एसी बंद. स्कॅनरवर शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम उघडा. शॉर्ट म्हणजे इसीयूची या क्षणाची दुरुस्ती, लाँग म्हणजे त्याने अंगवळणी पाडून घेतलेली. दोन्हींची बेरीज करा. अधिक म्हणजे इसीयू इंधन वाढवतोय, उणे म्हणजे कापतोय. बेरीज ५ टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, १० पर्यंत चालेल, त्यापलीकडे कारण शोधायचं. एक गोष्ट ध्यानात ठेवा: ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलला हवा कमी लागते, प्रमाण साधारण १३.५ च्या जवळ येतं. ई१० वर शिकलेल्या गाडीत ई२० भरलं तर ट्रिम ४ टक्क्यांच्या आसपास वर सरकणं स्वाभाविक आहे. त्यात बिघाड काही नाही.

बेरीज दोनदा लिहा, एकदा आयडलिंगला आणि एकदा २,५०० आरपीएमवर अर्धा मिनिट धरून. खरं निदान या दोन आकड्यांच्या फरकात असतं.

आयडलिंगला +१५ आणि २,५०० वर +३ असेल तर कुठून तरी न मोजलेली हवा शिरतेय. आयडलिंगला इंजिन हवा कमीच घेतं, त्यामुळे छोटं भोकही मोठं ठरतं. फाटलेला व्हॅक्यूम पाइप, इनटेक मॅनिफोल्डचं गॅसकिट, ब्रेक बूस्टरची नळी बघा. पण हे लागू पडतं ते एअर फिल्टरच्या पुढच्या पाइपवर हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असलेल्या गाड्यांना. अनेक लहान गाड्या मॅनिफोल्डमधला दाब मोजून, म्हणजे एमएपी सेन्सरवर चालतात. तिथे शिरलेली हवा दाबातच मोजली जाते, त्यामुळे ट्रिम फारसा न हलता आयडलिंग वर चढतं. अशा गाडीत पी ०१७१ आला तर व्हॅक्यूम पाइप शोधत बसण्याआधी पेट्रोलचा प्रेशर, चोकअप इंजेक्टर आणि एक्झॉस्टची गळती तपासा.

आयडलिंगला ठीक पण लोडवर, चढावर +१५ किंवा जास्त, म्हणजे इंधन पुरं पडत नाहीये: थकलेला पंप, तुंबलेला फिल्टर किंवा धुळीने माखलेला एमएएफ.

दोन्हीकडे उणे असेल तर गळणारा इंजेक्टर, उघडाच राहिलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा), वाढलेला फ्युएल प्रेशर किंवा पेट्रोल मिसळलेलं इंजिन ऑइल. एअर फिल्टर चोक झाला म्हणून गाडी रिच होते, ही कार्ब्युरेटरच्या काळातली समजूत आहे. इंजेक्शनच्या गाडीत इसीयू हवा मोजूनच पेट्रोल देतो. घाण फिल्टरने पिकअप जाईल, मिश्रण बिघडणार नाही.

पायरी २: गळती आणि मिसिंग आधी काढा

सेन्सर १ च्या आधी एक्झॉस्ट फुटला असेल, गॅसकिट उडालं असेल किंवा मॅनिफोल्डला तडा असेल, तर सेन्सरची फसवणूक होते. धुराचा प्रवाह सलग नसतो, ठोक्याठोक्याने येतो, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या पोकळीत बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो, तो ‘लीन’ म्हणतो, आणि इसीयू धडधाकट मिश्रणात पेट्रोल ओतत राहतो. गाडी पेट्रोल पिते आणि स्कॅनर लीन दाखवतो, या कोड्याचं उत्तर बहुतेकदा हेच. सकाळी थंड इंजिन सुरू करून मॅनिफोल्डजवळ कान द्या: टिक-टिक असा आवाज आणि जोडावर काजळीचा पट्टा दिसला तर गळती तिथेच आहे. धातू तापून फुगला की आवाज बंद होतो, म्हणून हे थंडपणीच करायचं.

मिसिंगचंही तसंच. एका सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही तर तिथलं पेट्रोल आणि ऑक्सिजन दोन्ही न जळता बाहेर येतात. सेन्सर फक्त ऑक्सिजन ओळखतो, म्हणून त्याला ते लीन वाटतं. प्लग आणि कॉइल नीट असल्याशिवाय सेन्सरवर विश्वास ठेवू नका, आणि संशयही घेऊ नका.

पायरी ३: हीटर

पी ०१३५ म्हणजे सेन्सर १ चा हीटर, पी ०१४१ म्हणजे सेन्सर २ चा. हीटर मेला की सेन्सर फक्त धुराच्या उष्णतेवर तापतो. सायन ते कुर्ला बंपर टू बंपर रांगेत धूर तेवढा गरम नसतो, टोक थंड होतं आणि इसीयू सेन्सर सोडून ठरलेल्या आकड्यांवर चालू लागतो. हायवेवर अ‍ॅव्हरेज ठीक आणि शहरात वाईट, अशी तक्रार आली तर हीटर आधी तपासा.

इंजिन थंड असताना कनेक्टर सोडा. सेन्सरच्या बाजूच्या दोन एकरंगी तारांमध्ये ओहम मोजा. बहुतेक सेन्सरमध्ये आकडा ३ ते १५ ओहमच्या दरम्यान येतो. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. मीटर उघडं सर्किट दाखवत असेल तर हीटर जळला. आकडा बरोबर असेल तर गाडीच्या बाजूच्या कनेक्टरवर इंजिन चालू करून १२ व्होल्ट येतात का बघा. येत नसतील तर सेन्सरचा काही दोष नाही, फ्यूज किंवा वायरिंग बघा. हा फ्यूज कित्येकदा दुसऱ्या भागांशी जोडलेला असतो आणि तपासायला दोन मिनिटं लागतात.

पायरी ४: सिग्नल

कनेक्टर जोडलेलाच ठेवा. टाचणी मागच्या बाजूने सिग्नलच्या तारेजवळ सरकवा, तारेचं आवरण टोचू नका. दुसरी टाचणी सेन्सरच्या अर्थिंगच्या तारेला. गरम इंजिन २,५०० आरपीएमवर धरा. व्होल्टेज ०.२ च्या खाली आणि ०.७ च्या वर वारंवार जायला हवं, दर एक-दोन सेकंदांत निदान एक फेरी. स्कॅनरवर बघत असाल तर फक्त हा एकच आकडा निवडा. स्वस्त स्कॅनर दहा आकडे एकदम घेताना इतका मंदावतो की चांगला सेन्सरही आळशी भासतो.

मग दोन टोकं तपासा. अ‍ॅक्सिलरेटर झटक्यात दाबा: व्होल्टेज लगेच ०.८ च्या वर उसळला पाहिजे. नंतर फ्रीवेसारख्या मोकळ्या रस्त्यावर, सोबतच्या माणसाच्या हातात फोन देऊन, गिअरमध्येच पाय काढा. इंधन बंद होतं, एक्झॉस्टमधून नुसती हवा जाते आणि व्होल्टेज शून्याजवळ पडला पाहिजे. दोन्ही टोकं तत्काळ गाठणारा सेन्सर निर्दोष समजा, तक्रार कितीही विचित्र असली तरी. दोन्हीकडे पोहोचतो पण सावकाश, रेंगाळत, तर तो म्हातारा झालाय, आणि पी ०१३३ असेल तर तो याचाच. ०.४५ च्या आसपास हलतच नसेल तर टोक थंड आहे किंवा तार तुटली आहे.

सीएनजी असेल तर

मुंबईत हा भाग वगळून चालत नाही. सीएनजीचं प्रमाण साधारण १७.२ चं, म्हणजे पेट्रोलपेक्षा वेगळं. बाहेरून बसवलेल्या सिक्वेन्शियल किटचा कंप्युटर पेट्रोल इंजेक्टरची वेळ घेऊन तिचं गॅस इंजेक्टरच्या वेळेत रूपांतर करतो. हे रूपांतर चुकीचं ट्यून केलं असेल तर गॅसवर चालताना सेन्सर आरडाओरडा करतो, पेट्रोलचा इसीयू ट्रिम सरकवतो आणि ती सवय लाँग टर्ममध्ये साठवतो. दुसऱ्या दिवशी पेट्रोलवर सुरू करताना गाडी खोकते आणि दोष पेट्रोलच्या इंजेक्टरवर येतो.

दहा किलोमीटर पेट्रोलवर चालवून ट्रिम लिहा, मग दहा किलोमीटर गॅसवर. पेट्रोलवर ३ आणि गॅसवर १८ आलं तर सेन्सरला हात लावू नका. किटवाल्याकडे जाऊन मॅप दुरुस्त करून घ्या, सोबत गॅसचा फिल्टर आणि रिड्यूसरचा (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाचा) प्रेशर तपासायला सांगा.

पावसाळा

हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यातून गाडी काढली तर पहिल्यांदा बुडतो तो खाली बसलेला सेन्सर २. लालबुंद टोकाच्या सेन्सरवर गार पाणी आलं की आतली चिनीमाती तडकते. ती तडकली की दुरुस्ती नाही. ती वाचली तरी कनेक्टरमध्ये पाणी शिरतं आणि पिनांवर हिरवा गंज चढतो. पाण्यातून आल्यावर कोड लागला तर आधी कनेक्टर उघडा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळवा, मग पुन्हा मोजा.

कनेक्टर ग्रीसने ठासून भरायचा मोह आवरा. अनेक सेन्सरना आतल्या बाजूची मोकळी हवा तारेच्या आतल्या बारीक पोकळीतूनच मिळते. ग्रीसने ती वाट बुजली की सेन्सर घुसमटतो आणि खोटं बोलू लागतो. ‘युनिव्हर्सल’ सेन्सर बसवताना तारा झाळून जोडू नका, याचं कारणही हेच: सोबत आलेले क्रिंप वापरा.

काढणं आणि बसवणं

बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. एक्झॉस्ट कोमट असताना सेन्सर सुटायला सोपा जातो, पूर्ण थंड झाल्यावर आटे आवळून बसतात. पूर्ण तापलेल्याला मात्र हात लावू नका. आट्यांवर स्प्रे मारून पंधरा मिनिटं थांबा. दमट, खारट हवेत राहिलेल्या गाडीत रात्रभर थांबावं लागलं तरी थांबा. बावीसच्या पान्याने अर्धा फेरा सोडायचा, पाव फेरा परत आवळायचा, असं हळूहळू. जबरदस्ती केली की आटे सेन्सरसोबत बाहेर येतात आणि मग १८ गुणिले १.५ च्या टॅपने पुन्हा आटे पाडण्याचं वेगळं काम अंगावर येतं.

जुन्याचं टोक बघा. कोरडी काळी काजळी म्हणजे गाडी रिच चालत होती. पांढरी भुकटी असेल तर कुणीतरी साधं सिलिकॉन सीलंट वापरलंय किंवा हेड गॅसकिटमधून कूलंट जळतोय. तपकिरी राख म्हणजे इंजिन ऑइल पितंय. ते कारण मिटवलं नाही तर नवा सेन्सरही त्याच वाटेने जाईल. पेट्रोलमध्ये बुडवून किंवा तारेच्या ब्रशने घासून सेन्सर ‘साफ’ करण्यात अर्थ नाही. काजळी तापल्यावर आपोआप जळते, सिलिकॉनचा काचेसारखा थर कशानेही निघत नाही, आणि ब्रशने टोकाचं संरक्षक आवरण तेवढं खरवडलं जातं.

नव्याच्या आट्यांवर अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं मलम) आधीच लावलेलं असेल तर अजून लावू नका. नसेल तर पातळ बोट फिरवा, टोकाला कण लागता कामा नये. हाताने आटे धरवा, मग टॉर्क पान्याने ४० ते ६० न्यूटन-मीटर, किंवा मॅन्युअलमध्ये दिलेला आकडा. तार मूळ क्लिपांत अडकवा, लोंबकळती राहिली तर एक्झॉस्टला चिकटून वितळते. हातातून फरशीवर पडलेला सेन्सर बसवू नका, बाहेरून शाबूत दिसला तरी.

बिनहीटरचे जुने सेन्सर ५० ते ८० हजार किलोमीटरपर्यंत आणि हीटरचे साधारण १ लाखापर्यंत चांगले चालतात. तो आकडा ओलांडला एवढ्याचसाठी बदलायचा का? वरची चौथी पायरी पास होत असेल तर नाही.

कोड पुसल्यावर ट्रिमही शून्यावर येतात. शहर आणि हायवे मिळून पन्नासेक किलोमीटर चालवून ते पुन्हा वाचा. पीयूसीला त्यानंतरच जा, आणि गाडी तापलेली असतानाच. बीएस-४ आणि पुढच्या पेट्रोल गाड्यांना २,५०० आरपीएमच्या आसपास लॅम्डा ०.९७ ते १.०३ मध्ये हवा. नवा सेन्सर लावूनही तिथे लॅम्डा १.०५ दिसला आणि कार्बन मोनॉक्साइड कमीच असला, तर सायलेन्सरचे जोड तपासा. टेस्टच्या नळीत बाहेरची हवा तिथूनच मिसळते आहे.